अल्प किमतीचे कीबोर्ड सिंथेसायझर

अल्प किमतीचे कीबोर्ड सिंथेसायझर ही विद्युत संकेतांपासून नवा ध्वनी घडवणाऱ्या, पट्ट्या दाबून वाजवल्या जाणाऱ्या आणि विद्यार्थी, हौशी वादक व लहान वाद्यवृंद यांच्या आवाक्यात येतील अशा किमतीच्या वाद्यांची श्रेणी आहे. या श्रेणीतील प्रत्येक वाद्यात किंमत खाली आणण्यासाठी कोठे ना कोठे काटकसर केलेली असते. कधी पट्ट्यांची संख्या किंवा आकार कमी केला जातो, कधी एकाच वेळी वाजू शकणारे स्वर कमी केले जातात, तर कधी बटणे, स्मृती किंवा ध्वनिक्षेपक वगळला जातो. त्यामुळे अशा वाद्याची निवड ही मुख्यतः कोणती उणीव आपल्या संगीताला बाधणार नाही, याची निवड असते.

संज्ञा व व्याप्ती

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, पट्ट्या असलेल्या कोणत्याही विद्युत वाद्याला बोलीभाषेत 'कॅसिओ' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात या नावाखाली तीन वेगवेगळी वाद्ये येतात.

• अरेंजर कीबोर्ड : यात तयार वाद्यध्वनी, स्वयंचलित ताल व साथसंगत आणि बहुधा अंगभूत ध्वनिक्षेपक असतो. एकट्या वादकाला पूर्ण वाद्यवृंदाचा भास निर्माण करता यावा, हा त्याचा हेतू असतो.
• डिजिटल पियानो : यात ८८ पट्ट्या असतात व त्या पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे वजनदार असतात. ध्वनींची संख्या कमी असते.
• सिंथेसायझर : यात ध्वनी मुळापासून घडवता किंवा बदलता येतो. अनेक सिंथेसायझरांना ध्वनिक्षेपक नसतो व तयार तालही नसतात.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास खर्च वाया जाण्याचा संभव असतो. भजन किंवा भावगीताच्या साथीसाठी वाद्य हवे असलेल्या व्यक्तीने सिंथेसायझर घेतल्यास त्याला तबल्याचा ठेका, संवादिनीचा ध्वनी व ध्वनिक्षेपक यांपैकी काहीच मिळत नाही. याउलट, ध्वनिरचना शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला अरेंजर कीबोर्डवर शेकडो ध्वनी मिळाले, तरी त्यांतील एकही मुळापासून घडवता येत नाही.

रचना व कार्य

पारंपरिक सिंथेसायझरात ध्वनी तीन टप्प्यांत घडतो. ऑसिलेटर हा घटक करवतीसारखी, चौकोनी किंवा त्रिकोणी आकाराची लहर निर्माण करतो व तिच्या वारंवारतेवरून स्वराची उंची ठरते. त्यानंतर फिल्टर त्या लहरीतील काही वारंवारता गाळून ध्वनी मंद, गोलसर किंवा धारदार करतो. शेवटी अॅम्प्लिफायर ध्वनीची तीव्रता ठरवतो. ही तीव्रता काळानुसार कशी वाढावी व ओसरावी, याच्या आराखड्यास एन्व्हलप म्हणतात. तंतुवाद्यावरील आघाताप्रमाणे चटकन उमटून विरणारा ध्वनी व सनईप्रमाणे टिकून राहणारा ध्वनी यांतील मोठा फरक एन्व्हलपमुळे पडतो.

ध्वनिनिर्मितीच्या पद्धतीनुसार सिंथेसायझरांचे अॅनालॉग, डिजिटल व मिश्र असे प्रकार होतात. डिजिटल प्रकारात एफएम पद्धती, म्हणजे एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता बदलण्याची पद्धती, आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांवर आधारित पद्धती विशेष प्रचलित आहेत. अॅनालॉग वाद्य डिजिटल वाद्यापेक्षा चांगलेच असते, हा समज सरसकट खरा नाही. घंटेसारखे किंवा विद्युत पियानोसारखे ध्वनी एफएम पद्धतीने अधिक सहज साधतात.

इतिहास

अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये विद्युतदाबाने नियंत्रित होणाऱ्या सिंथेसायझराचा आरंभीचा नमुना तयार केला. ही प्रारंभीची यंत्रे कपाटाएवढी होती व ती प्रामुख्याने विद्यापीठे व ध्वनिमुद्रणगृहे यांनाच परवडत. १९७० मध्ये आलेल्या मिनिमूगमुळे सिंथेसायझर मंचावर नेता येऊ लागला. त्याला ४४ पट्ट्या होत्या, पण एका वेळी एकच स्वर वाजत असे व त्याची किंमत सुमारे १,५०० डॉलर होती. १९७८ मधील प्रॉफेट-५ या वाद्यात पाच स्वर एकाच वेळी वाजवण्याची व घडवलेले ध्वनी साठवण्याची सोय आली, परंतु किंमत सुमारे ४,००० डॉलरवर गेली.

१९८० च्या दशकात किमती उतरू लागल्या. सूक्ष्मप्रक्रियक व एकात्मिक मंडले स्वस्त होणे, हे त्याचे प्रमुख कारण होते. १९८३ मध्ये यामाहा कंपनीचा डीएक्स७ बाजारात आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर आधारित या वाद्यात ६१ पट्ट्या होत्या व १६ स्वर एकाच वेळी वाजत. किंमत २,००० डॉलरच्या आत असल्याने त्याची एक लाखाहून अधिक विक्री झाली. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांना जोडणारी मिडी ही प्रमाण पद्धती प्रचारात आली. १९८४ मध्ये आलेल्या कॅसिओ सीझेड-१०१ ची किंमत ५०० डॉलरच्या आत होती. लहान पट्ट्यांमुळे ते खेळण्यासारखे दिसे, परंतु त्यात आठ टप्प्यांचे एन्व्हलप होते व मिडीद्वारे चार वेगवेगळे ध्वनी एकाच वेळी वाजवता येत. त्यामुळे व्यावसायिक वादकांनीही त्याचा वापर केला.

काटकसरीची काही उदाहरणे

| वाद्य | वर्ष | पट्ट्या | एकाच वेळी वाजणारे स्वर | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|---|
| रोलँड एसएच-१०१ | १९८२ | ३२ | १ | एकच ऑसिलेटर. ध्वनी साठवण्याची सोय नाही |
| कॉर्ग पॉली-८०० | १९८३ | ४९ | ८ किंवा ४ | सर्व स्वरांना मिळून एकच फिल्टर |
| कॅसिओ सीझेड-१०१ | १९८४ | ४९, लहान | ८ किंवा ४ | बोटाच्या जोरानुसार ध्वनी बदलत नाही |
| कॉर्ग मायक्रोकॉर्ग | २००२ | ३७, लहान | ४ | मोजकीच बटणे. बरेच बदल कोष्टक पाहून करावे लागतात |
| कॉर्ग मिनिलॉग | २०१६ | ३७, लहान | ४ | दोन्ही हातांच्या वादनास पट्ट्या अपुऱ्या |
| आर्टुरिया मायक्रोफ्रीक | २०१९ | २५, स्पर्शाच्या | ४ | पट्ट्या हलत नाहीत. सर्व स्वरांना मिळून एकच फिल्टर |

या मर्यादांनंतरही ही सर्व वाद्ये उपयुक्त ठरली. पॉली-८०० मध्ये एकच फिल्टर असल्याने नवा स्वर दाबताच आधी धरलेल्या स्वरांचाही पोत बदलतो. वेगवेगळ्या वेळी उमटणाऱ्या स्वरांसाठी हा दोष ठरतो, परंतु सर्व स्वर एकत्र दाबल्यास तो जाणवत नाही. एसएच-१०१ वर स्वरसंघात वाजवता येत नाहीत, पण त्यावरील प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र दांडी किंवा बटण असल्याने ध्वनिरचना शिकण्यासाठी ते सोयीचे मानले जाते.

निवडीचे निकष

स्वरांची संख्या : केवळ एकेरी धून किंवा खालचा आधारस्वर वाजवायचा असल्यास एकस्वरी वाद्य पुरते. दोन्ही हातांनी वाजवताना किंवा स्वर लांबवणारे पेडल वापरताना चार स्वर अपुरे पडतात. पाचवा स्वर दाबताच आधीचा एखादा स्वर तुटतो.

पट्ट्या : २५ पट्ट्यांत दोन, ३७ मध्ये तीन, ४९ मध्ये चार व ६१ मध्ये पाच सप्तके बसतात. पियानोचे शिक्षण घेणाऱ्यासाठी लहान आकाराच्या पट्ट्या योग्य नसतात, कारण बोटांना अंतराची चुकीची सवय लागते. संवादिनीवर हात बसलेल्या वादकाला, एका हाताने धून वाजवायची असल्यास, ३७ पूर्ण आकाराच्या पट्ट्या बहुधा पुरतात. पट्टी किती जोराने दाबली याची नोंद घेण्याची सोय असल्यास वादनात चढउतार आणता येतात. ती सोय नसल्यास सर्व स्वर सारख्याच जोराने उमटतात.

मींड व श्रुती : भारतीय संगीतासाठी हा निकष महत्त्वाचा आहे. पट्ट्यांवरील स्वर सुटे असल्याने मींड व आंदोलन थेट वाजवता येत नाही. डावीकडील पिच बेंड चाक किंवा दांडी, तसेच एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची पोर्टामेंटो ही सोय यांच्या साहाय्याने ते काही अंशी साधता येते. पिच बेंडची व्याप्ती बदलता येते का, हे पाहावे लागते. बहुतेक वाद्ये सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पद्धतीवर जुळवलेली असतात. त्यामुळे रागानुरूप कोमल स्वर किंचित उतरवायचा असल्यास प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे जुळवण्याची सोय आवश्यक ठरते. गायकाच्या पट्टीनुसार, उदाहरणार्थ काळी चार किंवा पांढरी पाच, सर्व स्वर एकदम सरकवण्याची सोय मात्र स्वस्त वाद्यांतही सहसा आढळते.

नियंत्रणे : जितकी बटणे अधिक तितकी किंमत अधिक असते. कमी बटणांच्या वाद्यात एकाच बटणाकडे अनेक कामे असतात. तयार ध्वनी निवडून वाजवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण वाजवता वाजवता ध्वनी बदलणाऱ्यास ते गैरसोयीचे होते.

जोडणी : संगणकाशी जोडण्यासाठी यूएसबी व अन्य वाद्यांशी जोडण्यासाठी मिडी द्वार उपयुक्त ठरते. ही सोय असलेले साधे वाद्य पुढे अधिक समर्थ ध्वनियंत्रासाठी केवळ पट्ट्या म्हणूनही वापरता येते, त्यामुळे त्याचा उपयोग संपत नाही.

पूरक खर्च : ध्वनिक्षेपक नसलेल्या वाद्यासोबत किमान हेडफोन लागतो. कार्यक्रमासाठी अॅम्प्लिफायर, ६.३५ मिमी जॅकची वायर, स्टँड, पेडल व पिशवी यांचा खर्च येतो. हा खर्च आरंभीच वजा न केल्यास वाद्य घरी येऊनही वाजवता येत नाही, असा प्रसंग उद्भवतो.

वापरलेली वाद्ये

मर्यादित रकमेत वापरलेले वाद्य घेतल्यास वरच्या श्रेणीतील वाद्य मिळू शकते, परंतु खरेदीपूर्वी तपासणी आवश्यक असते. प्रत्येक पट्टी हळू व जोरात दाबून पाहावी लागते. पट्टीखालील रबरी संपर्क झिजला किंवा त्यावर धूळ बसली, तर स्वर उमटत नाही किंवा एकदम मोठा उमटतो. हा दोष अनेकदा सफाईने जातो. फिरती बटणे व दांड्या हलवताना खरखर येत असल्यास आत धूळ किंवा झीज असते. जुन्या वाद्यांत ध्वनी साठवण्यासाठी आत एक लहान विद्युतघट असतो. तो संपल्यास साठवलेले ध्वनी पुसले जातात, आणि काही प्रकारचे घट गळून मंडलाचे कायमचे नुकसान करतात. काही एकात्मिक मंडलांचे उत्पादन थांबलेले असल्याने ती निकामी झाल्यास दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

परदेशातून आणलेल्या वाद्याचा विद्युतदाब तपासणे अत्यावश्यक आहे. जपानमधील वाद्ये १०० व्होल्टसाठी व अमेरिकेतील १२० व्होल्टसाठी बनवलेली असू शकतात. भारतात पुरवठा २३० व्होल्टचा असतो. बाह्य अॅडॉप्टरच्या बाबतीत व्होल्टेजबरोबर टोकांची ध्रुवताही जुळावी लागते, कारण ती सर्व कंपन्यांची सारखी नसते.

संगणकीय पर्याय

ज्यांच्याकडे संगणक आहे, त्यांना ध्वनी नसलेला मिडी कीबोर्ड व सॉफ्टवेअर सिंथेसायझर हा बहुधा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग असतो. सर्ज व डीएक्स७ च्या धर्तीवरील डेक्स्ड ही सॉफ्टवेअरे विनामूल्य उपलब्ध आहेत. यातील मुख्य अडचण पट्टी दाबणे व ध्वनी ऐकू येणे यांतील विलंबाची असते. हा विलंब साधारणतः दहा-बारा मिलिसेकंदांपलीकडे गेल्यास लयीत वाजवणे कठीण होते. मंचावर संगणक बंद पडण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

भारतातील वापर

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुजवणाऱ्या वादकांत केर्सी लॉर्ड यांचे नाव घेतले जाते. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीआर-८०८ व टीबी-३०३ या वाद्यांवर दहा राग डिस्को ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. यांपैकी टीबी-३०३ हे बेस गिटारच्या साथीसाठी बनवलेले लहान यंत्र होते. बाजारात ते अयशस्वी ठरले व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे ते वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्याने शिकागोतील तरुण संगीतकारांच्या हाती आले आणि १९८७ मधील 'अॅसिड ट्रॅक्स' या ध्वनिमुद्रणातून अॅसिड हाउस हा प्रकार पुढे आला. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची त्याची सोय सिंग यांच्या ध्वनिमुद्रणात मींडेचा आभास देते. २०१० मध्ये या ध्वनिमुद्रणाचे पुनःप्रकाशन झाल्यावर अॅसिड हाउसशी असलेल्या त्याच्या साम्याकडे जगभर लक्ष वेधले गेले.

यामाहा व कॅसिओ या कंपन्यांनी भारतासाठी तबला, तानपुरा, संवादिनी आदी ध्वनी व भारतीय ताल असलेली खास कीबोर्डेही काढली आहेत. ही अरेंजर प्रकारातील असून वाद्यवृंद, भजनी मंडळे व संगीतवर्ग यांना उपयोगी पडतात.

सांगीतिक प्रभाव

स्वस्त वाद्यांच्या मर्यादांतून नव्या शैली निर्माण झाल्याची उदाहरणे अनेक आहेत. ट्रिओ या जर्मन गटाच्या १९८२ मधील 'दा दा दा' या गाण्यात गणकयंत्राचेही काम करणाऱ्या कॅसिओ व्हीएल-१ चा ठेका आहे. कॅसिओच्या एमटी-४० या घरगुती कीबोर्डसाठी ओकुदा हिरोको यांनी तयार केलेल्या 'रॉक' या तालावर १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथ यांचे 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणे रचले गेले. किंग जॅमी यांनी निर्मिलेल्या या गाण्याने रेगे संगीतात डिजिटल वाद्यांचे युग आणले. ही वाद्ये त्यांच्या काळातील सर्वांत समर्थ वाद्ये नव्हती, परंतु ती ज्यांच्या हाती पडली त्यांना परवडणारी होती.

हे सुद्धा पहा

• संवादिनी
• पियानो
• रॉबर्ट मूग
• मिडी
• इलेक्ट्रॉनिक संगीत