दृष्टिपटलावरील अंमल

इ. स. 1866 मध्ये बॉन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ माक्स शुल्त्से ह्याने नानाविध प्राण्यांची दृष्टिपटले सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली, तेव्हा निशाचरांच्या नेत्रांत दंडपेशींचीच दाटी असल्याचे त्यास आढळले, आणि मंद प्रकाशाचा कारभार दंडपेशींकडे व वर्णांचा शंकुपेशींकडे, असा निवाडा त्याने दिला. दहा वर्षांनी रोम येथे फ्रांट्स बोल ह्याने अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल बाहेर काढले, तो ते लालभडक. मात्र उजेड लागताच त्याचा रंग बघता बघता उडून गेला. लगेच हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने ह्याने पित्तक्षारांच्या साहाय्याने तो रंग द्रावणात उतरवला, आणि दंडपेशीतील ऱ्होडॉप्सिन विज्ञानाच्या हाती आले.

त्याच्या प्रथिनाचे जनुक जेरेमी नेथन्स व डेव्हिड हॉगनेस ह्यांनी 1983 मध्ये गाईच्या पेशींतून वेगळे केले. परंतु खरा पेच तेथूनच सुरू झाला. जनुकांचे तेच दफ्तर यकृतातील पेशीजवळही असते, मग ऱ्होडॉप्सिनचे पान दंडपेशीनेच तेवढे उघडावे, हा हुकूम कोणाचा?

1992 मध्ये मिशिगन विद्यापीठात मूळचे भारतीय आनंद स्वरूप व त्यांचे सहकारी ह्यांनी मानवी दृष्टिपटलात एनआरएल हे जनुक शोधले. 1997 मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांतून सीआरएक्स उजेडात आले. सीआरएक्सचे प्रथिन दंड व शंकू ह्या दोन्ही पेशींच्या जनुकांना चालना देते, आणि एनआरएलची साथ मिळाली म्हणजे ऱ्होडॉप्सिनची निर्मिती जोमाने होते, हे यथावकाश सिद्ध झाले. तथापि स्वरूप ह्यांच्याच गटाने 2001 मध्ये एनआरएलविरहित उंदीर तपासले, तेव्हा त्यांच्या दृष्टिपटलात दंडपेशी औषधालाही उरल्या नव्हत्या. त्यांच्या जागी लघुतरंगी, म्हणजे निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींसारख्या पेशी वाढल्या होत्या. दंडपेशी होऊ घातलेली पेशी मूळच्या शंकुमार्गावरून वळवावी लागते, हा त्याचा इत्यर्थ.

दंडपेशीने शंकुपेशींची जनुके उघडू नयेत, ही मनाई बजावण्याचे बरेचसे काम एनआरएलच्या हाताखालील एनआर2ई3 हे जनुक करते. ते सदोष असलेल्या माणसांस रातांधळेपण येते, आणि निळ्या प्रकाशाविषयी त्यांची संवेदना मात्र प्रमाणाबाहेर तीव्र असते. पेशीचे स्वत्व तिला मिळालेल्या हुकमाइतकेच तिच्यावर घातलेल्या मनाईनेही ठरते, हाच ह्या दीर्घ संशोधनाचा निष्कर्ष होय.