तंबू पावसाळ्यात कुठे जात असत?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे थोडा साफसूफ करून लिहितोय. बोलताना झालेले फाटे मात्र बरेचसे तसेच ठेवलेत.

पुण्यात दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला गेला असाल, तर जवळच फरासखाना पोलीस स्टेशनची पाटी तुम्ही वाचलीच असेल. नाव इतकं ओळखीचं आहे की त्याचा अर्थ विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. फरास म्हणजे बिछायत घालणारा, तंबू ठोकणारा, दिवाबत्ती बघणारा माणूस. शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. आपली 'फरशी' त्याच घराण्यातली. आणि फरासखाना म्हणजे डेरे, राहुट्या, कनाती, जाजमं, सतरंज्या ठेवायचं कोठार. पेशव्यांचा फरासखाना इथे होता. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या सरकारचं कॅम्पिंगचं सामान ठेवायची जागा.

आता गंमत बघा. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि साधारण पावसाच्या तोंडावर परतायच्या. म्हणजे तंबू आठ महिने उन्हात आणि चार महिने घडी घालून. वाचताना आपण त्या आठ महिन्यांबद्दलच वाचतो. पण सुती तंबूचं आयुष्य ठरतं ते उरलेल्या चार महिन्यांत. आजचा विषय तोच आहे, दोन मोहिमांच्या मधला काळ.

आधी आकारमान समजून घेऊ. सगळ्यात नीट नोंदी अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहेत. अकबराचा तळ हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. सोबत १,००० फरास, ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी, ३० चामड्याचं काम करणारे आणि १५० झाडूवाले. मोठ्या दरबारी तंबूत, म्हणजे बारगाहमध्ये, दहा हजारांहून जास्त माणसं मावत आणि तो उभा करायला १,००० फरासांना यंत्रांची मदत घेऊन आठवडा लागे. साधा, जरीकाम नसलेला बारगाह १०,००० रुपयांच्या पुढे जाई. सोळाव्या शतकातले दहा हजार हं!

या यादीतले सुतार, चांभार आणि शिवणारे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. हत्ती-उंट वाहतुकीसाठी आहेत हे उघड आहे. पण मोडलेला खांब, तुटलेला चामडी पट्टा, उसवलेली शिवण यांची सोय पहिल्या दिवसापासून पगारपत्रकात आहे. दुरुस्ती हा अपवाद नाही, रोजचं काम आहे, हे त्या माणसाला कळत होतं. आमच्या क्षेत्रात हे कळायला अजून वेळ लागतोय. नवीन फीचरला माणसं मिळतात, मेन्टेनन्सला 'बघू'. असो.

त्याच ग्रंथात बादशाही कपड्यांच्या कोठाराचीही व्यवस्था दिली आहे. आलेला प्रत्येक नग कोणत्या दिवशी दाखल झाला, किंमत किती, वजन किती, रंग कोणता, यावरून त्याची जागा ठरे. म्हणजे कोठार कसं असावं याचा विचार कपड्यापुरता तरी पक्का झाला होता.

फ्रेंच वैद्य बर्निये १६६४-६५ मध्ये औरंगजेबाच्या तळाबरोबर दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरकडे गेला. तो सांगतो की बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच होते. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. याला पेशखाना म्हणत. या खाजगी सामानासाठीच ६० पेक्षा जास्त हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल. बाहेरून जाड लाल कापड, आतून मच्छलीपट्टणचं हाताने रंगवलेलं छीट. सर्व्हर चालवणाऱ्या मंडळींना दोन संचांची ही युक्ती लगेच ओळखीची वाटेल. पण दोन संच म्हणजे सुकवायला, मोजायला, शिवायला दुप्पट सामान!

याच्या उलट टोक बघायचं तर १६७७ मध्ये चला. शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर असताना पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा वकील त्यांच्या छावणीत जाऊन आला. फ्रान्स्वा मार्टिनच्या रोजनिशीत त्याची हकिकत आहे. छावणीत थाटमाट नाही, बायका नाहीत, आणि तंबू फक्त दोन. तेही लहान आणि साध्या जाड कापडाचे. एक राजांचा, एक प्रधानाचा.

शाळेत हे साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात हिशेब जास्त दिसतो. जे सोबत नाही ते भिजत नाही, कुजत नाही, त्याला हत्तीही लागत नाही. आणि पावसाळ्यातल्या साठवणीकडे त्यांचं किती बारीक लक्ष होतं याचा पुरावा आहेच. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र. 'रयतेला त्रास देऊ नका' या भागासाठी ते नेहमी सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण सगळं पत्र वाचा. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही शेतकऱ्यांच्या दारात जाल. म्हणजे रयतेचा त्रास सुरू होतो तो कोठारातल्या गलथानपणातून! पुढे आगीचा धोका. कुणी भलत्या जागी चूल पेटवेल, कुणी तंबाखूसाठी निखारा नेईल आणि गवताची गंज पेटेल. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. उंदीर! राज्य उभं करणारा माणूस उंदराने वात नेण्याचा विचार करतोय.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हीच नजर आहे. गडावरची दारू आणि बाण आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन बाहेर काढावेत, ऊन द्यावं आणि परत मोहोर करून ठेवावेत. 'ठेवलंय ना, मग झालं' हे चालत नाही, मधेमधे उघडून बघावं लागतं. दारूगोळ्याचा हा नियम तंबूलाही जसाच्या तसा लागू पडतो.

पेशवाईत चित्र बदललं. १७६० मध्ये उत्तरेत गेलेल्या फौजेच्या छावणीचं ग्रँट डफने केलेलं वर्णन म्हणजे रेशमी अस्तराचे उंच, प्रशस्त डेरे आणि वर सोनेरी कळस. मार्टिनच्या रोजनिशीतले दोन जाडेभरडे तंबू ते हे, मध्ये फक्त ८३ वर्षं. मला स्वतःला या वैभवाचं फार कौतुक नाही, पण त्यासाठी केवढा फरासखाना राबला असेल याचं आहे.

तर तंबू नेमका कुजतो कशाने? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि तो हवेतला ओलावा ओढून घेतो. घडीच्या आत वारा नाही, ऊन नाही. तिथे बुरशी धरते आणि तिचा पाचकरस सेल्युलोजचे लांब धागे तोडून त्याची साखर करतो. म्हणजे काळे ठिपके दिसतात तेव्हा तंबू मळलेला नसतो, खाल्ला जात असतो. म्हणून फार टोकदार घडी नको, तीच घडी परत परत नको, जमिनीला टेकवून नको, आणि कोरडं झाल्याशिवाय बांधायचं तर नाहीच.

हे शास्त्र कळायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे, पिशव्या भराभर कुजू लागल्या. जपान्यांच्या आधी बुरशीच सामान संपवणार अशी वेळ आली. मग सैन्याच्या पुरवठा खात्याने कुजक्या कापडाचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. त्यातला एक नमुना सॉलोमन बेटांपैकी बोगनव्हिलवरच्या तंबूच्या कापडाचा होता. त्यातून वेगळी काढलेली बुरशी क्यूएम ६ए या क्रमांकाने नोंदवली गेली. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, आपल्याकडचा फरासखान्याचा दरोगाच म्हणा. ही बुरशी सेल्युलोज पचवण्यात इतकी तरबेज निघाली की एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९७७ मध्ये रीस यांच्यावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळालं.

तंबू वाचवायला सैन्याने कापडाला तांब्याची संयुगं लावली, आणि पुढे कृत्रिम धागे आले. नायलॉन-पॉलिएस्टर बुरशीला पचत नाही, म्हणून आपण निर्धास्त झालो. पण तुमच्या ट्रेकिंगच्या तंबूला आतून पॉलियुरेथेनचा जलरोधक थर असतो. ओल्या हवेत बांधून ठेवला की पाणी हळूहळू त्या थरातले बंध तोडतं. तंबू चिकट होतो, आंबूस वास येतो, मग थराचे पापुद्रे सुटतात. याला बुरशी लागतच नाही, नुसती दमट हवा आणि उष्णता पुरते. त्यामुळे हरिश्चंद्रगडावरून आल्यावर तंबू त्याच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. सावलीत दोन दिवस वाळवा, शिवणी हाताने चाचपून बघा, आणि मोठ्या सुती पिशवीत सैल भरा. मेखा वेगळ्या ठेवा. स्लीपिंग बॅग तर दाबून ठेवूच नका, हँगरला टांगा. मधे एखाद्या कोरड्या रविवारी सगळं उघडून हवा द्या, आज्ञापत्रातल्या हवालदारासारखी.

जुने शाही तंबू आज अगदी थोडे उरलेत. जोधपूरच्या मेहरानगडात मखमलीचा लाल डेरा आहे. टिपू सुलतानचा छिटाचा तंबू १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात गेला. तिथे क्लाइव्ह घराण्याने तो बागेतल्या मेजवान्यांसाठी मांडव म्हणून वापरला, आणि आता तो संग्रहात जपलाय.

आणि ती तंबूखाऊ बुरशी? कारखान्यांत तिचे वंशज मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात आणि त्यांचा पाचकरस काढून घेतात. त्याचा एक उपयोग जीन्सला जुनाट, फिकट रूप देण्यासाठी होतो. दगडांनी घासण्याऐवजी कापसाचा वरचा थर या रसाकडून थोडासा खाऊ द्यायचा आणि नेमक्या वेळी थांबवायचं.