शेवटच्या भागाची रात्र, उमरठ

शनिवार, २२ ऑक्टोबर २०१६. पोलादपूरहून ढवळ्याकडे जाणारी संध्याकाळची एसटी तुम्हाला उमरठला उतरवते आणि वळणाआड दिसेनाशी होते. हवेत कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास आहे. खालची खाचरं निम्मी कापून झालीत, बांधावर भारे रचलेत, वरच्या उतारावर नाचणी अजून उभी आहे. तुम्ही सवयीनं फोन काढता. रेंज नाही. ठेवून द्या, आज त्याचं काही काम नाही.

"कुणाकडं आलाव पाव्हणं?"

"'रात्रीस खेळ चाले'चा शेवटचा भाग बघायला," असं तुम्ही म्हणालात की अख्खी आळी एकाच घराकडे बोट दाखवते. छत्री चार घरांवर आहे, पण रिचार्ज या एकाच घरात शिल्लक आहे. मुंबईच्या लेकानं कालच मारला, खास आजच्यासाठी.

साडेदहाला वेळ आहे. तरी नऊपासून माणसं येऊ लागतात. जो तो आपलं पोतं, चटई घेऊन येतो. बायका दिवसभर कापणी करून आल्यात. तुमच्या शेजारी बसलेल्या वहिनीच्या करंगळीला विळा लागलाय, त्यावर हळद भरून चिंधी बांधली आहे. हळदीचा डाग तिच्या पदरावरही उतरलाय आणि ती त्याच हातानं पोराला थोपटते आहे. कोपऱ्यात कुणी पाचशेच्या नोटा मोजून डब्यात ठेवतं. सतरा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, त्या नोटा बाद होणार हे या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. आज रात्री इथे दुसरी चिंता आहे.

खुनी कोण?

आठ महिने हेच चाललंय. २२ फेब्रुवारीला मालिका सुरू झाली आणि सुरुवातीलाच घरातले कर्ते अण्णा नाईक गेले. तेव्हापासून इथून सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या सावंतवाडीजवळ, आकेरी गावातल्या नाईकांच्या वाड्यात काय काय घडलं, ते या आळीनं दुसऱ्या दिवशी शेतात पुन्हा एकदा जगून घेतलं. सुरुवातीला तिकडून विरोधही झाला, कोकणाची बदनामी होते म्हणून. इथे कुणाला तसं वाटलं नाही. चकवा लागून रात्रभर त्याच माळावर फिरलेला माणूस इथे प्रत्येक घराच्या नात्यात आहे. नदीच्या डोहातला गिऱ्हा लहानपणी प्रत्येकाला दाखवलेला आहे. मालवणी बोली थोडी वेगळी पडते, पण अण्णांच्या बायकोचा, माईचा, दबलेला आवाज कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

"अण्णांच्या पोरानं, दत्तानंच केलं असंल. जमिनीपायी भाऊ भावाचा ऱ्हात नाय," एक काका म्हणतात. दोघं-तिघं मान हलवतात. या मान हलवण्यामागे सातबारे आहेत, ते तुम्ही विचारू नका.

पोलादपूरला कॉलेजात जाणारा एक मुलगा पुढे सरकतो. "पांडू! पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर, तेच मालिका लिहितात. ज्याला सगळं ठाऊक हाय तोच रोज म्हणतो, इसारलंय." सगळे हसतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण बोलणं खरं वाटायला लागलंय. मला विचाराल तर आठ महिन्यांत या मालिकेवर याहून नेमकं कुणी बोललं नसेल. सगळं जाणणारा माणूस विसरभोळ्याच्या वेषात कोपऱ्यात बसलेला असतो, ही युक्ती आपल्या सोंगांइतकी जुनी आहे.

साडेदहा. कुणीतरी बल्ब बंद करतं. सुरुवातीचं संगीत वाजतं आणि मघापासून दारात लुडबुडणारं कुत्रंसुद्धा पाय पोटाशी घेऊन बसतं. वहिनीचा थोपटणारा हात थांबतो.

शेवट काय झाला ते इथे लिहीत नाही. अजून न पाहिलेला एखादा वाचक असेल, त्याचा हक्क मी घेणार नाही. भाग संपतो, जाहिरात लागते आणि चेहऱ्यांवर तिचे रंग नाचत राहतात, एवढं बघा.

"एवढंच?" वहिनी म्हणते.

मग फुटतं सगळं. आठ महिने जागवलं आणि असं उरकलं, म्हणून एक काकी रागावल्यात. त्यांचा राग खरा आहे. त्या पहाटे पाचला उठून शेतावर जातात, त्यांनी झोपेतून वेळ काढून दिला होता. कॉलेजचा मुलगा प्रत्येक घटनेचं कारण मागतो, ती सावली कुणाची, तो आवाज कुठून आला. दुसरा म्हणतो, सगळ्याची कारणं दिली तर मग भ्यायचं कशाला? तुमच्या ओठांवर येतं, की २०१९च्या जानेवारीत दुसरं पर्व येईल, कथा मागे जाईल, अण्णा जिवंत होऊन या पडद्यावर चालतील आणि त्यांची शेवंता घराघरांत पोचेल. गिळून टाका. यांच्यासाठी खेळ आज संपलाय आणि संपलेल्याचं काय करायचं हे त्यांना आजच ठरवायचं आहे.

भिंतीला टेकलेली आजी इतका वेळ तांदळातले खडे निवडल्यासारखी बोटं हलवत होती. हातात काही नाही, नुसती सवय.

"भूत व्हतं का नव्हतं, ते सोडा," ती म्हणते. "त्या घरात म्हाताऱ्यासाठी एक जण तरी मनापासून रडला का?"

"माई रडली की."

"माई भ्याली. रडणं येगळं." आजी थांबते. "मेलेल्याला जागा द्यावी लागती. नाय दिली तर तो घरातच ऱ्हानार. मग त्याला भूत म्हना, नायतर काय म्हना."

खोली शांत होते, आणि ही शांतता मालिकेची नाही. अजून तीन महिनेही झाले नाहीत. २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८चा पूल पुरात गेला. दोन एसटी आणि आणखी गाड्या अंधारात नदीत गेल्या. पुलाचा तुकडा नाही हे पुढच्या गाडीला दिसायलाही उजेड नव्हता. गाड्या शोधायला तीनशे किलोचं चुंबक पाण्यात सोडलं होतं. मृतदेह खाडीपर्यंत, पार समुद्रापर्यंत गेले आणि काही मिळालेच नाहीत. घरची माणसं काठावर दिवसच्या दिवस उभी होती. ज्याचा देह हाती लागत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, ही रीत इथे साऱ्यांना माहीत आहे. आजी सावित्रीचं नाव घेत नाही. "पिंडाला कावळा शिवला की मानूस मोकळा व्हतो," एवढंच म्हणते आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवते.

मला वाटतं, या आळीनं आठ महिने ती मालिका नुसत्या भीतीसाठी पाहिली नाही. एका घरात एक मेलेला माणूस आहे आणि त्याचं काय करावं ते कुणालाच उमगत नाही, ही गोष्ट त्यांनी पाहिली. त्यांना शेवटात खुनी नको होता, निरोप हवा होता.

पावणेबारा होतात. पोती गुंडाळली जातात. खालच्या आळीतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा दारात अडून बसलाय. त्याची आई पुढे निघून गेली आणि बाहेर मिट्ट काळोख आहे. वद्य पक्षातला अर्धा चंद्र महाबळेश्वरच्या बाजूच्या डोंगराआड आहे, नुसती कड्याची कड पांढुरकी दिसते.

"पाव्हणं, याला सोडता का जरा?"

तो तुमचा हात धरतो. त्याची बोटं गार आणि घामेजलेली आहेत. चिंचेखालून जाताना तो डोळे मिटून चालतो. गोठ्यात बैलानं फुंकर टाकली की दचकतो आणि तुमच्या हातात त्याची नखं रुततात. "अण्णा येतील?" हळूच विचारतो. तुम्ही काही बोलायच्या आत रस्ता मोकळा होतो आणि समोर तानाजी मालुसऱ्यांची समाधी येते. ४ फेब्रुवारी १६७०ला सिंहगडावर पडलेल्या आपल्या माणसाला गावानं इथे आणलं. मढे घाटातून आणलं, असं सांगतात. शेलारमामाही इथेच आहेत. गावातला सगळ्यात जुना, सगळ्यात ओळखीचा मृत्यू हा. मध्यरात्र आहे, काळोख मघाइतकाच आहे.

मुलगा हात सोडतो. चप्पल काढून समाधीच्या पायरीला हात लावतो, तोच हात छातीला लावतो.

"आता जाईन मी," तो म्हणतो, आणि एकटाच उताराला लागतो.