हर्षदच्या वर्षी नानांनी काय केलं

बाजार पडला की आमच्याकडे पहिला फोन नानांना जातो. नाना म्हणजे माझे थोरले काका. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, राहतात नाशिकच्या द्वारकेला, काठे गल्लीत. घराण्यात शेअरचा नाद त्यांनीच आणला, आणि ‘हर्षदच्या वर्षी मी एक शेअर विकला नाही’ हे वाक्य आम्ही साखरपुड्यात, बारशात, अगदी श्राद्धाच्या पंगतीतही ऐकलेलं आहे.

नानांची गोष्ट मात्र हर्षद मेहतापासून सुरू होत नाही. ती द्वारकेच्या चौकातूनच निघते, मुंबई-आग्रा रस्त्यावरून. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाच्या बैलगाड्या याच वाटेनं मुंबईकडे जायच्या, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. मुंबईत पैशाचा पूर आला. दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजार. बॅक बेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. मग 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि 1 जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा देणारं कोणी उरलं नव्हतं. पुढं बँक ऑफ बॉम्बेही त्यातच बुडाली. या इतिहासात नाना एक गाडीवान घालतात, कापसाचे पैसे शेअरात न घालता गावी विहीर खणणारा. तो गाडीवान आजोबांचा की नानांचा, हे मी कधी विचारलं नाही. पण आजोबांच्या गोष्टीत बाजारापासून लांब राहिलेला माणूस शहाणा आणि नानांच्या गोष्टीत बाजारात टिकून राहिलेला. दोन्ही गोष्टी ते एका दमात सांगतात.

आता हर्षदचं वर्ष, 1992. 22 एप्रिलला सेन्सेक्स 4,467 वर होता. दुसऱ्या दिवशी हर्षद मेहताच्या घोटाळ्याची सुचेता दलाल यांची बातमी छापून आली, 28 तारखेला एका दिवसात 570 अंक गेले आणि वर्षभरानं निर्देशांक दोन हजारांच्या आसपास घुटमळत होता. नानांनी विकलं नाही, हे खरं. का विकलं नाही, याची दुसरी आवृत्ती काकूंकडे आहे, आणि ती स्वयंपाकघरात मिळते.

‘विकणार काय डोंबल? कागद घरात होते कुठं?’

शेअर्स ट्रान्स्फरला गेले होते. तेव्हा विकत घेतलेला शेअर आपल्या नावावर व्हायचा तर सर्टिफिकेट, ट्रान्स्फर डीड, त्यावर शेअर ट्रान्स्फरची तिकिटं, असं सगळं रजिस्टर्ड पोस्टानं कंपनीकडे पाठवायचं. कंपनीला कायद्यानंच दोन महिन्यांची मुदत. त्यात नानांचा लठ्ठ लिफाफा परत आला, कारण विकणाऱ्याची सही जुळत नव्हती. बॅड डिलिव्हरी. मग तो मुंबईच्या दलालाकडे, दलालाकडून मूळ मालकाकडे, पुन्हा कंपनीकडे. कागद नावावर होऊन घरी आले तोवर विकण्यासारखा भावच उरला नव्हता. आणि भाव तरी कधी कळायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात, बारीक टायपात. नाशिकला शेअर बाजार नव्हता, दलालाच्या माणसाला फोन लागला तर लागला.

नानांचा धीर खोटा होता, असं मला म्हणायचं नाही. पण त्यातला निम्मा धीर पोस्टखात्याचा होता, असं माझं मत आहे. त्या पिढीनं पडझडी सोसल्या त्या ढिल्या यंत्रणेच्या आडोशानं. घाबरायला वेळ लागायचा, घाबरून काही करायला त्याहून जास्त. 1996 नंतर डीमॅट आलं, कागद गेले, खोट्या सह्या आणि हरवलेल्या लिफाफ्यांचा जाच संपला, फार बरं झालं. आडोसाही त्याबरोबर गेला.

23 मार्च 2020 ला हे मला नीट कळलं. सेन्सेक्स 3,934 अंकांनी पडून 25,981 वर बंद झाला. एरवी जिथं रस्ता ओलांडायला धीर लागतो ती द्वारका टाळेबंदीत ओस पडली होती, आणि माझ्या खिशात विकण्याचं बटण होतं. मी फोनमधलं ॲप काढून टाकलं. विकायचंच तर लॅपटॉप उघडायचा, आणि त्याआधी वहीत कारण लिहायचं; ‘पडतंय म्हणून’ हे कारण चालणार नाही. वर्षभराचा घरखर्च एफडीत होता, म्हणून एसआयपी चालू ठेवता आली. माझं प्रमाण साठ-चाळीसचं, शेअर साठ. ते घसरून पन्नासच्या खाली आलं, तेव्हा डेट फंडातले थोडे थोडे पैसे तीन हप्त्यांत इंडेक्स फंडात वळवले. एक कंपनी मात्र विकली. तिच्यावर कर्जाचा डोंगर होता आणि वहीत लिहिलेलं ते कारण दुसऱ्या दिवशी वाचूनही पटलं.

विकल्याचं नानांना आवडलं नाही. मी त्यांना त्यांच्याच ट्रंकेची आठवण करून दिली. तिच्यात तीन-चार सुती पिशव्या आहेत. एकीत बोनस शेअर देत देत मोठ्या झालेल्या कंपन्या. गोष्टी सांगितल्या जातात त्या याच पिशवीतल्या. बाकीच्यांत 1994-95 च्या पब्लिक इश्यूंची लाट आहे: सुंदर नक्षीची सर्टिफिकेटं, सोनेरी शिक्के, आणि आज पत्त्यावर कोणी नसलेल्या कंपन्या. त्याही नानांनी विकल्या नाहीत. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

2019 च्या एप्रिलपासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. पहिल्या पिशवीचं ते काम आम्ही आता काढलं आहे. अर्ज गेला, आणि उत्तर आलं: सही जुळत नाही. प्रेसमधल्या कारकुनाची ती जुनी ठसठशीत सही आणि आजची थरथरती, दोन्ही नानांचीच. आता बँकेत जाऊन मॅनेजरकडून सही साक्षांकित करून आणायची आहे. नानांना घाई नाही. ‘बाजार पडलाय ना?’ ते म्हणाले. ‘मग असू दे महिनाभर.’