चार बिंदूंचे वर्तुळ

ही गोष्ट 2003 सालची. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला होता आणि स्मरणिकेचे काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडले होते. जुन्या सभामंडपाच्या एका भिंतीवर कावी कलेची एक ओळ कशीबशी तग धरून होती. वर्तुळात बसवलेली सहा पाकळ्यांची फुले, एकापुढे एक. भिंत पाडणार हे कळताच मी फोटो काढले, ते स्कॅन केले आणि ट्रेस करणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली केले. दोन मिनिटांत वेक्टर चित्र तयार! पडद्यावर तर झकासच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून निरोप आला, मुखपृष्ठाची फिल्म निघत नाही. यंत्र बराच वेळ विचार करते आणि ‘लिमिटचेक’ असा शेरा मारून थांबते.

मी धावत गेलो. ऑपरेटरने माझी फाईल उघडून चित्र नुसत्या रेषांच्या रूपात दाखवले. एकेका फुलावर नऊशेच्या वर नोड! वारुळातून मुंग्या उसळाव्यात तसे. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “हे फूल नव्हे, बाब. ही भिंत आहे.”

त्या वाक्याने मला नोड या वस्तूचा इतिहास शोधायला लावले.

गंमत म्हणजे ही वक्ररेषा चित्रकारांसाठी जन्मलीच नव्हती. फ्रान्समध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्झो या गणितज्ञाने 1959 साली ती मांडली. कंपनीने मात्र ते काम गुपित ठेवले. 1960च्या दशकात रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले, त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले आणि नाव त्यांचे लागले. मोटारीच्या पत्र्याचा बाक नेमक्या शब्दांत कसा सांगायचा, हा दोघांपुढचा प्रश्न. उत्तर असे की वक्राचे दोन टोकबिंदू घ्या आणि तो कुठे, किती ओढला जातो हे सांगणारे आणखी दोन बिंदू घ्या. चार बिंदूंत अख्खा बाक मावतो.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी 1982 साली अडोबी कंपनी काढली. त्यांच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेने 1984 साली हीच वक्ररेषा छपाईच्या यंत्रांना शिकवली. 1985चा ॲपलचा लेझररायटर ती बोलू लागला. 1987 साली इलस्ट्रेटर आला, 1989 साली कोरल ड्रॉ. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची भिस्त बहुतेक कोरलवर. लग्नपत्रिकेपासून नाटकाच्या जाहिरातीपर्यंत सगळे त्यातच.

पण त्या पहिल्या यंत्रांची ताकद किती? लेझररायटरची मेमरी दीड एमबी. पहिल्या पोस्टस्क्रिप्टमध्ये एका वेळी हाताळायच्या मार्गांवर मिळून 1500 बिंदूंची मर्यादा असे. यंत्र प्रत्येक वक्राचे बारीक बारीक सरळ तुकडे पाडते, मग त्यातून ठिपके उमटवते. बिंदू मर्यादेबाहेर गेले की लिमिटचेक. त्यातून एखाद्या गुंतागुंतीच्या आकाराच्या आत फोटो कापून बसवला असेल, तर दुष्काळात तेरावा महिना! म्हणून लांब मार्ग तोडून त्याचे तुकडे करायची सोय प्रोग्राममध्येच दिलेली असे. 1991 साली पोस्टस्क्रिप्टची दुसरी पातळी जाहीर झाली, मेमरीचा कारभार सुधारला, पुढे यंत्रेही दांडगी झाली. तरी रोग गेला नाही, कारण रोग यंत्रात नव्हताच.

तो ट्रेसिंगमध्ये होता. ट्रेस करणाऱ्या प्रोग्रामला फूल कळत नाही. त्याला काळ्या-पांढऱ्याची सीमा तेवढी कळते. चुन्याचा पोपडा, शेवाळाचा डाग, स्कॅनरवरची धूळ, सगळ्यांना तो सारख्याच भक्तिभावाने बिंदू वाहतो. नोड कमी करण्याची आज्ञाही असते, पण ती आंधळीच. जरा जास्त चालवली की पाकळीचे टोकच बोथट होते.

ऑपरेटरने माझे ट्रेसिंग खाली फिकट ठेवले, वर कुलूप लावले आणि फूल नव्याने काढले. बाहेरचे वर्तुळ चार नोडचे. चार बेझिए वक्रांचे वर्तुळ खऱ्या वर्तुळापासून चुकते ते त्रिज्येच्या दहा हजारांत तीन भागांहूनही कमी. पाकळी म्हणजे दोन कंस, म्हणून दोन नोड. तीच साठ-साठ अंशांनी फिरवून सहा वेळा. चार आणि बारा, सोळा नोडमध्ये फूल पुरे!

हे पाहताना मला एकदम तो कावी कारागीर आठवला. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंजीचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा दाखवायचा, अशी ही कला. थर सुकायच्या आत हात उचलावा लागतो. नऊशे ठिकाणी विचार करायला त्याला वेळ कुठला? त्याने कंपास टेकवला, वर्तुळ फिरवले, तेच माप न बदलता परिघावर सहा खुणा केल्या आणि त्यांवरून कंस मारले. म्हणजे ऑपरेटर फाईल हलकी करत होता असे मला वाटले खरे, पण प्रत्यक्षात तो कारागिराच्या मूळ हालचालींपाशी पोचला होता.

फिल्म त्या संध्याकाळी निघाली. स्मरणिका वेळेवर आली. भिंत पुढच्या महिन्यात पडली आणि तिथे आता गुळगुळीत टाइल्स आहेत.

परवा जुन्या सीडीवर दोन्ही फायली सापडल्या. आजच्या संगणकाने जड फाईलही विनातक्रार उघडली. मोठी करून पाहिली तर एका फुलाचा कंस जरासा निसटलेला दिसला. बहुधा हुरमुंजी तिथे आधीच सुकली असावी. ऑपरेटरच्या सोळा नोडच्या फुलात ती चूक नाही. ती असायला नकोच होती, छपाईसाठी त्याचेच बरोबर होते. पण भिंत आता नाही, आणि तो निसटलेला हात फक्त माझ्या त्या नालायक फाईलमध्ये उरला आहे.

तेव्हा छापखान्यात फाईल पाठवाल ती स्वच्छ, मोजक्या बिंदूंची पाठवा. मूळ फोटो आणि कच्चे ट्रेसिंग मात्र पुसू नका. मी ते पुसणारच होतो.