एका ओळीपलीकडची पेशी

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलांची नॅचरल किलर (एनके) पेशींशी जेमतेम एका ओळीची ओळख होते. जन्मजात प्रतिकारशक्ती, रक्तातील लिम्फोसाइटचा एक प्रकार; की लगेच पुढचा प्रश्न. त्या ओळीपाशी रेंगाळावेसे वाटणाऱ्या प्रत्येकाचे या पुस्तकात स्वागत आहे.

या पेशींचा शोध १९७५च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेत लागला. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी त्या कोणतीही पूर्वतयारी नसताना मारत होत्या. आपले लक्ष्य त्या कशा ओळखतात, याचे उत्तर क्लास केरे यांच्या संशोधनातून मिळाले. निरोगी पेशी पृष्ठभागावर एमएचसी वर्ग-१ रेणू बाळगते. टी-पेशी त्यावर मांडलेले तुकडे तपासून कर्करोग हेरतात, म्हणून कित्येक गाठी तो रेणूच दडवतात. टी-पेशी तिथे फसतात. एनके पेशी मात्र ओळखपत्र नसलेल्यालाच अडवणाऱ्या पहारेकऱ्यासारखी वागते. ती लक्ष्याला चिकटते, परफोरिनने त्याच्या पटलाला भोके पाडते आणि आत ग्रॅन्झाइम सोडते. मग ती कर्कपेशी स्वतःच मोडून पडते.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कर्करोगावरील टी-पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देतात. म्हणजे दर रुग्णामागे नवी खेप. ती टाळायला दात्याच्या टी-पेशी वापराव्यात, तर त्या रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. एनके पेशींत हा धोका बराच कमी. २०२०मध्ये ह्यूस्टनच्या केटी रेझवानी यांच्या गटाने नाळेच्या रक्तातील, जनुकीय बदल केलेल्या एनके पेशी वापरल्याचे निष्कर्ष मांडले: ११पैकी ८ रुग्णांना गुण आला. एका दात्यापासून अनेकांचे डोस आधीच तयार ठेवता आले, तर फायली घेऊन रात्रीच्या गाडीने परळ गाठणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण अजून बरेच अडते. या पेशी शरीरात फार टिकत नाहीत, गोठवून वितळवल्यावर त्यांचा जोर ओसरतो, घट्ट गाठीत त्यांना शिरकाव मिळत नाही. सर्वाधिक पाने आम्ही या अडचणींनाच दिली आहेत, कारण नव्या संशोधकाला काम तिथेच आहे.

मराठवाड्याला कर्करोग संशोधन नवखे नाही. लातूरशेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागाने झालेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला त्यातून कळले.

तेव्हा पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारा: रुग्ण किती, कर्करोग कोणता, पाहणी किती महिन्यांची? उत्तर मिळाले नाही, तर दावा बाजूला ठेवा, मग तो आमचा का असेना.