खेपेचा हिशेब

भिलाईचा इतिहास सांगू लागलेला मनुष्य बहुधा भट्टीपासून आरंभ करतो. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, दहा लाख टनांचा कारखाना पंचवीस लाखांचा आणि पुढे चाळीस लाखांचा झाला. हा क्रम आमच्या सेक्टर 10 मधील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. परंतु भट्टीच्या मुखात जे पडते ते डोंगरावरून खाली कोणी आणले, आणि आणणाऱ्याच्या हाती काय पडले, हे प्रकरण या इतिहासात सहसा आढळत नाही. एक टन पोलादासाठी दीड टनाहून अधिक लोहखनिज लागते. चुनखडी आणि डोलोमाइट वेगळेच. हे सारे दल्ली-राजहरा, नंदिनी, हिर्री येथील खाणींतून येते. तेथून पुढे आगगाडी असते खरी, पण खाणीच्या तोंडापासून फलाटापर्यंतचा मार्ग चाकांवरचा, आणि त्या चाकांमागे बसलेल्या चालकाचा आहे.

राजहऱ्याच्या डोंगराची ओळख जगाला नागपुरात झाली, हे येथील मराठी मंडळींपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. जमशेटजी टाटांनी पोलादाचा ध्यास घेतला तेव्हा प्रथम दृष्टी गेली ती चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याकडे. तेथील शोध निष्फळ ठरला. तसे सरकारला कळवावे म्हणून दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले असता, जवळच्या संग्रहालयात त्यांना मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा दिसला. त्यावर दुर्ग भागातील एक ठिकाण लोहखनिजाची खूण म्हणून गडद रंगविलेले होते. प्रमथनाथ बोस यांनी पूर्वीच केलेल्या पाहणीचे ते फळ. दोराबजी व अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड हे दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्या चढून गेले, तेव्हा पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता असे सांगतात. खनिज उत्तम होते, पण कारखान्याला लागणारे कोळसा व पाणी सोयीने जवळ मिळेनात. आणि 1904 साली बोस यांचेच मयूरभंजाविषयीचे पत्र आल्यावर टाटांचा मोहरा पूर्वेकडे वळला. एका लोहाऱ्याहून निघून दुसऱ्या लोहाऱ्यापाशी, म्हणजे डौंडी-लोहारा जमीनदारीत, येऊन पोचलेला हा शोध मग अर्धशतक तसाच पडून राहिला. भिलाई निघाली तेव्हा त्या डोंगराचे नशीब उघडले.

दगड वाहणे हा धंदा मात्र डोंगराइतकाच जुना. महाराष्ट्रात तो वडारांचा. त्यांतील गाडीवडार भरीव चाकांच्या, जमिनीलगतच्या ठेंगण्या गाड्यांना बैल वा रेडे जुंपून चिरे आणि खडी वाहत. देवळांचे घाट, किल्ल्यांचे बुरूज, पुढे इंग्रजांच्या सडका आणि रेल्वेचे पूल यांच्या पायात त्यांची हाडे झिजली आहेत. त्यांची मजुरी दिवसावर नव्हे, मापावर ठरे. खडीचा ढीग रचायचा, फूटपट्टी लावायची, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून पैसे मोजायचे. हा ब्रास महाराष्ट्राच्या दगडखाणींतून आजही गेलेला नाही. टिपरची क्षमताही तेथे ब्रासातच बोलली जाते. इकडे छत्तीसगडात आमच्या घरांतूनही खाण जाऊन खदान आली, खडी जाऊन गिट्टी आली, पण मापावर मजुरी देण्याची रीत दोन्हीकडे एकच. गाडीवडाराच्या रेड्याच्या जागी इंजिन आले, एवढाच काय तो बदल, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल.

वस्तुतः बदल त्याहून खोल होता. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून 1954 पासून मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बाहेर पडू लागल्या आणि देशभर खाणींच्या रस्त्यांवर त्या दिसू लागल्या. आरंभीच्या मोटारीला भरणारे हात लागत तसेच उपसणारेही लागत. हौदाला जलदाबाचा दट्ट्या बसला आणि इंजिनाच्याच शक्तीने हौद मागे कलंडू लागला, तेव्हा उपसणाऱ्यांचे काम संपले. जेथे अर्धा-पाऊण तास मोडत असे तेथे दोन मिनिटे पुरू लागली. हा वाचलेला वेळ चालकाच्या विश्रांतीत जमा झाला, असे कोणी समजू नये. तो खेपांत जमा झाला. आज छत्तीसगडात दहा-बारा चाकांच्या टिपरला सर्रास ‘हायवा’ म्हणतात. ते मुळात असे दट्ट्ये बनविणाऱ्या एका डच कंपनीचे नाव आहे. यंत्राच्या एका अवयवाचे नाव साऱ्या गाडीला, आणि क्वचित तिच्या चालकालाही चिकटावे, यात भाषेची गंमत आहे तशी कामाची खूणही आहे.

दल्ली-राजहऱ्यास आरंभापासून दोन तऱ्हेच्या खाणी होत्या. राजहऱ्याच्या यांत्रिक खाणीत मोठे फावडे-यंत्र डंपर भरी, आणि तो चालविणारा मनुष्य कारखान्याचा नोकर असे. त्याला पाळी होती, महागाई भत्ता होता, भविष्यनिर्वाह निधी होता, राहण्यास क्वार्टर होते. शेजारच्या हातखाणींत मात्र स्त्री-पुरुषांची जोडी घणाने दगड फोडी, डोक्यावरून वाहून ठेकेदाराच्या मोटारीत टाकी, आणि ठेकेदाराचा चालक ती मोटार खाली नेई. खनिज एकच, डोंगर एकच, शेवटी पोचायचे तेही एकाच भट्टीत. परंतु एकाचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आणि दुसऱ्याचे ठेकेदाराच्या वहीत. पंचवीस टनांचा डंपर दहा हजार टन माल चारशे खेपांत हलवील; आठ टनांच्या मोटारीला त्यासाठी साडेबाराशे खेपा लागतील. ज्याच्या खेपा अधिक त्याचा पगार अधिक असावा, असे अंकगणित सांगते. व्यवहारात नेमके उलटे होते.

वेतनाचे प्रश्न सोडविण्यासाठी सरकारने 1963 साली लोहखनिजाच्या, तसेच चुनखडी व डोलोमाइटच्या खाणींसाठी मध्यवर्ती वेतन मंडळे नेमली. पोलाद कारखान्यांच्या नोकरांसाठी 1970 साली पहिला संयुक्त वेतनकरार झाला. त्याच वर्षी ठेका मजुरांचा कायदा संमत झाला, आणि 1971 च्या नियमांत एक मौल्यवान कलम आले: ठेकेदाराचा मजूर मुख्य मालकाच्या नोकरासारखेच काम करीत असेल तर त्याची मजुरी व कामाच्या अटीही तशाच असाव्यात. कलम उत्तम. पण डंपर आणि ट्रक ही ‘सारखीच कामे’ आहेत काय, हा वाद एकदा कचेरीत शिरला की तो किती वर्षे फायलीत मुक्काम करतो, हे कारकुनी करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

या भेदाचा स्फोट 1977 साली झाला. नियमित कामगारांस 308 रुपये बोनस आणि ठेक्याच्या कामगारांस 70 रुपये, असा समझोता त्या वेळच्या संघटनांनी मान्य केला, आणि दल्लीचे हजारो मजूर त्या संघटना सोडून बाहेर पडले. शंकर गुहा नियोगी नुकतेच तुरुंगातून सुटले होते. पूर्वी भिलाईच्या कोकभट्टीत काम करून बडतर्फ झालेला आणि पुढे दानीटोल्याच्या खाणीत मजुरी केलेला हा बंगाली तरुण. त्यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. मागण्या साध्या होत्या. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी शंभर रुपये, आणि कामावर हजर असूनही काम मिळाले नाही तर त्या दिवसाची काही मजुरी. समझोता झाला, ठेकेदारांनी तो पाळला नाही. 2 जूनच्या रात्री नियोगींना पोलिसांनी पकडून नेले, आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात 11 माणसे मेली. त्यांत अनसूयाबाई ही मजूर स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक मुलगाही होता.

यांतील दुसरी मागणी मला साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. खाणीत माणूस बसून राहतो तो आळसाने नव्हे. सुरुंगाची दारू आली नाही, मोटार आली नाही, फलाटावर वाघिणी लागल्या नाहीत, रस्ता पावसाने खचला, की काम थांबते. हा खोळंबा कोणाच्या खात्यावर टाकायचा? माझ्यासारख्याची फाईल वरच्या टेबलावर आठ दिवस पडून राहिली तरी पहिल्या तारखेस पगार चुकत नाही. माझ्या खोळंब्याचे पैसे सरकार भरते. मापावर मजुरी घेणाऱ्याचा खोळंबा त्याच्या स्वतःच्या पोटातून वजा होतो. 1977 साली फोडणाऱ्या-भरणाऱ्या मजुरांनी या खोळंब्याला नाव दिले आणि त्याची किंमत मागितली. रस्त्यावरच्या चालकाच्या खोळंब्याला असे नाव सहसा मिळालेच नाही.

ठेक्याच्या टिपरचा हिशेब साधारणतः असा असतो. महिन्याचा थोडा बांधीव पगार आणि वर प्रत्येक खेपेमागे भत्ता. फोडणीच्या जागी रांगेत उभे राहण्याचे, काट्यावर वजन होण्याचे, क्रशरपाशी ताटकळण्याचे पैसे नाहीत. टायर फुटले, पाटा तुटला, की पुष्कळ ठिकाणी मालकाची नजर प्रथम भत्त्याकडे वळते. सकाळी तीन तास रांगेत गेले तर ते दुपारी वेगाने भरून काढायचे. आणि वेग कोठे, तर उतारावर, भरल्या गाडीने. खाणीतील वाहतुकीच्या रस्त्याचा चढ सोळास एकाहून तीव्र नसावा, रुंदी पुरेशी असावी, कडेला बांध असावा, हे दंडक कागदावर आहेत. ते लिहिणाऱ्यांनी यंत्राचा विचार नीट केला आहे. भत्त्याचा विचार करणे त्यांचे काम नव्हते. जादा माल भरण्याचेही तेच. 2019 च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड आहे. माल भरतो यंत्रवाला, नफा घेतो मालक, पण नाक्यावर खाली उतरावे लागते ते चालकाला.

कायद्याच्या दृष्टीने हा चालक मोठा चमत्कारिक प्राणी होता. 1952 च्या खाण कायद्याप्रमाणे खनिज रवाना होण्याच्या ठिकाणापर्यंत त्याची वाहतूक करणारा मनुष्य खाणीतला कामगार. त्याला जमिनीवरील कामात दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे 48 तास, जादा कामास दुप्पट मजुरी. तीच गाडी फाटकाबाहेर सार्वजनिक सडकेवर आली की 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू: दिवसाचे आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारा पसारा बारा तासांच्या आत. म्हणजे एका खेपेत तो दोन कायद्यांच्या राज्यांतून जाई आणि दोन्हीकडचे निरीक्षक त्याला दुसऱ्याचा समजत. तासांची नोंद खेपांत ठेवली जात असताना आठ तास भरले केव्हा, हे सांगणार कोण?

नियोगींनी पुढे हाच जगण्यापुरत्या मजुरीचा प्रश्न भिलाईच्या खाजगी कारखान्यांत नेला. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे हुडको वसाहतीतील घरात झोपेतच त्यांना गोळी घालण्यात आली. ते घर सेक्टर 10 पासून फार दूर नाही. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाउस स्थानकाच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन 16 कामगार मेले. दल्लीत 1983 साली मजुरांच्या वर्गणीवर उभे राहिलेले शहीद रुग्णालय हे त्या काळाचे सर्वांत दृश्य स्मारक.

दरम्यान दल्लीचा डोंगर खाली बसत चालला आणि कारखान्याची नजर रावघाटाकडे गेली. रूळ खाणीपर्यंत पोचण्यापूर्वीच, 2022 पासून, अंजरेलचे खनिज ट्रकांनी अंतागडच्या फलाटावर उतरू लागले. म्हणजे पुन्हा सडक, पुन्हा रांग, पुन्हा खेप.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार नव्या श्रम संहिता अमलात आल्या आणि 1952, 1961 व 1970 चे हे तिन्ही कायदे त्यांत विलीन झाले. खाणीला माणसांच्या संख्येची अट पूर्वीप्रमाणेच नाही. परंतु मोटार परिवहनाचा कायदा पूर्वी पाच कामगारांपासून लागू होई, तो आता दहांपासून. चार टिपर बाळगणाऱ्या मालकाकडे चार चालक आणि चार क्लीनर, मिळून आठ माणसे असतात. 1961 च्या हिशेबात ती आठही मोजली जात होती.